हेजहॉगचं पिल्लू हाताला येत नाही, काय करावं?

निशिगंध:
नमस्कार मंडळी. घरात हेजहॉगचं दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय. हात जवळ नेला की कपाळावरचे काटे डोळ्यांवर ओढून फुसफुसतं, नाहीतर गोळा होऊन बसतं. त्यात पिंजऱ्यात गळलेले काटे सापडायला लागलेत, त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही. जाड हातमोजे घालून उचलू का? की काही दिवस हातच लावू नको? ज्यांनी पाळलेत त्यांनी कृपया सांगा.

काटेकोर:
हातमोजे नकोच. हेजहॉगची नजर अधू असते, तो माणूस ओळखतो नाकाने आणि कानाने. मोज्यातून तुमचा वास त्याच्यापर्यंत पोचणार कसा? तुम्ही दिवसभर वापरलेला टी-शर्ट न धुता त्याच्या झोपायच्या जागी ठेवा. उचलताना वरून हात नेऊ नका. दोन्ही तळवे बाजूने पोटाखाली सरकवा, तिथे काटे नसतात, मऊ केस असतात.

रोज संध्याकाळी ते जागं झालं की दिवा मंद करून अर्धा तास मांडीवर घेऊन बसा. कुरवाळायची घाई नको. आणि फुसफुसलं म्हणून लगेच खाली ठेवू नका, नाहीतर फुसफुसलं की सुटका होते हे ते पक्कं शिकतं. शांत झालं की मग ठेवा. माझ्याकडची अशीच सैल होत गेली: आधी कपाळाचे काटे आडवे पडतात, मग नाक हलायला लागतं, मग एकेक पाय बाहेर येतो. हे बघायला मिळतं म्हणून कितीही वेळ बसायची माझी तयारी असते.

रातवा:
काट्यांचं सांगते. या वयात पिल्लाचे काटे गळून जाड काटे येतात, दुधाचे दात पडावेत तसे. तेव्हा कातडी हुळहुळी होते आणि पिल्लू चिडचिडं. मांडीवर घ्या, पण पाठ दाबू नका. मात्र टक्कल पडलं, कोंडा दिसला किंवा सारखं खाजवत असेल तर माइट्स, म्हणजे कातडीवरचे बारीक परजीवी किडे, असू शकतात. अशा प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला दाखवा.

निशिगंध:
दोघांचेही मनापासून आभार! टी-शर्ट ठेवला, तर त्याने तो चघळला, तोंडाला फेस आणला आणि मान वाकडी करून तो फेस पाठीवर फासत बसलं. आजारी आहे का?

काटेकोर:
अजिबात नाही. अनोळखी वास मिळाला की हेजहॉग हे करतातच. फासून होईपर्यंत हात लावू नका.

रातवा:
उबेकडे फार लक्ष द्या. खोली 24 ते 28 अंश सेल्सिअस ठेवा. गारठ्यात पाळीव आफ्रिकन हेजहॉग शीतनिद्रेत जाऊ पाहतो आणि ती त्याच्या जिवावर बेतते. पोट गार लागलं, झोकांड्या जायला लागल्या तर कपड्याआड अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या आणि पशुवैद्याला फोन करा. गरम पाण्यात बुडवू नका.

धावायचं चाक सलग पृष्ठभागाचं घ्या, तारांच्या चाकात पाय अडकतात. दूध पचत नाही. आणि सोबतीला दुसरा हेजहॉग आणू नका, यांना एकटंच राहायला आवडतं.

काटेकोर:
मीलवर्म, म्हणजे खाऊ म्हणून देतात त्या अळ्या, अधूनमधून, मोजकेच. त्याने चरबी वाढते. द्यायचे ते चिमट्याने. बोटाला खाण्याचा वास लागला की ते बोटालाच चावतं, म्हणून उचलण्याआधी हात धुवा. नंतरही धुवा, कारण हेजहॉगकडून माणसाला साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो.