रुंद इनटेक पाइप आणि हवेचे मोजमाप

प्रश्न: माझ्या 1.6 लिटर पेट्रोल गाडीला मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून 70 मिमीचा इनटेक पाइप (इंजिनात हवा नेणारी नळी) करून घेतला आणि मूळ 60 मिमी नळीतला मास एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) या नव्या पाइपातच बसवला. तेव्हापासून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने (इंजिनाच्या नियंत्रक संगणकाने) इंधनात केलेली दुरुस्ती, अधिक 25 टक्क्यांवर जाते. सेन्सर बिघडला असेल का?

उत्तर 1: सेन्सर बहुधा ठीक आहे. तापलेल्या तारेला हवा किती थंड करते एवढेच त्याला कळते. एकूण प्रवाह ईसीयूमधला तक्ता मूळ व्यास गृहीत धरून ठरवतो. आपल्या नळीचे क्षेत्रफळ 36 टक्क्यांनी वाढल्यामुळे तेवढ्याच हवेचा वेग सुमारे 27 टक्क्यांनी घटतो आणि इंधन कमी पडते. सेन्सर मूळ नळीच्या तुकड्यातच ठेवावा, अन्यथा तक्ता नव्याने जुळवावा लागेल. तेल लावलेला एअर फिल्टर असल्यास ते तेल तारेवर बसले आहे का, हेही तपासा.

उत्तर 2: हिशेबाने पडताळता येईल. 6000 आरपीएमला आपले इंजिन सेकंदाला 80 लिटर हवा ओढू शकते. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यात घनता घनमीटरला 1.1 किलो आणि सिलिंडरची भरण 85 टक्के धरली, तर पूर्ण थ्रॉटलला सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर सेकंदाला 75 ग्रॅमच्या आसपास दिसायला हवे. मात्र ही चाचणी रंकाळ्याच्या रस्त्यावर नको, डायनोवरच (गाडी जागेवरच रोलरवर चालवून तपासायच्या यंत्रावर) करावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मला सेकंदाला 54 ग्रॅमच दिसत होते, म्हणजे उत्तर 1 मधल्या 27 टक्के घटीशी जवळपास जुळते.