मदत हवी आहे : एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार केलेला गर्भ) एकच सोडायचा की दोन?

वय ३२, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट) चालू आहे. पाचव्या दिवसाचे चांगले एम्ब्रियो फ्रीज करून ठेवलेत. डॉक्टर म्हणतात गर्भाशयात दोन सोडू, चान्स वाढतो. सासूबाई तर जुळ्यांच्या नावांपर्यंत पोचल्यात! मला मात्र एकच हवाय. जुळ्यांत वेळेआधी बाळंतपण, कमी वजन, एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू), आईचं बीपी, सगळ्याचाच धोका वाढतो. (एकाचेही क्वचित दोन होतात, ते वेगळं.) स्वीडनमध्ये २००३ पासून शक्यतो एकच सोडतात, तिथे जुळ्यांचं प्रमाण खूप घसरलं, मूल होण्याचं नाही.

पण इथे दर ट्रान्सफरचे (एम्ब्रियो सोडण्याचे) पैसे वेगळे, आणि अहोंचं घोडं तिथेच अडलंय. कुणी एकच सोडून उरलेले नंतर वापरलेत का? डॉक्टरांना न दुखावता कसं सांगितलंत? फ्रीजिंगचे वर्षाला साधारण किती घेतात?