इंका ट्रेल : बीपीची गोळी चालू असलेल्या आण्णांना न्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे. सकाळी रंकाळ्यावर फिरणारा आणि पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणारा आमचा आठ जणांचा कंपू आहे. पुढच्या मे-जूनमध्ये पेरूला जाऊन इंका ट्रेल करायचा आणि चालतच माचू पिचू हे इंकांचं जुनं डोंगरातलं शहर गाठायचं असं ठरतंय. ठरतंय म्हणजे सात जणांचं ठरलंय, घोडं अडलंय ते आण्णांपाशी.

आण्णा चौसष्ट वर्षांचे, बँकेतून रिटायर. बीपीची गोळी चालू आहे. पण चालायला लागले की आमच्यातल्या तिशीतल्या पोरांना मागं टाकतात. गेल्या पावसाळ्यात मसाई पठारावर चिखलात बूट रुतला, तर तो हातात घेऊन पुढचा टप्पा अनवाणी चालले आणि वर आम्हालाच "चला रे, रस्सा गार होईल" म्हणून ओरडत होते. अशा माणसाला 'तुम्ही येऊ नका' कसं सांगायचं?

अडचण चालण्याची नाही, उंचीची आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास. पन्हाळा हजाराच्या आत. अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, तेही १६४६ मीटर. आणि तिकडे ट्रेलच्या आधी जिथं उतरायचं त्या कुस्को शहराच्या नुसत्या विमानतळावर पाय ठेवला की ३३०० मीटर! ट्रेल चार दिवसांचा, ४२-४३ किलोमीटर. त्यात दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का नावाची ४२१५ मीटरची खिंड. गंमत म्हणजे माचू पिचू स्वतः २४३० मीटरवरच आहे, जीव काढते ती मधली वाट.

घाई यासाठी की परमिटं दिवसाला ५०० आणि त्यातच गाईड, हमाल, आचारी सगळे धरलेले. म्हणजे आपल्यासारख्यांच्या वाट्याला दोनशेच्या आसपास. सीझनमधली काही महिने आधीच संपतात, पासपोर्टवरच्या नावाने निघतात आणि एकदा निघालं की दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. म्हणजे आण्णांचा निर्णय आत्ताच हवा.

ग्रुपमध्ये एकाचं म्हणणं, परमिटची कटकटच नको, सालकांताय ही माचू पिचूकडे जाणारी दुसरी वाट करू. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे मुद्दे कमी पडतात. तर विचारायचं असं :

इथं कोल्हापुरात बसून कुणाला उंची सोसेल हे आधी कळण्याचा काही मार्ग आहे का? जोतिबाच्या पायऱ्या रोज चढून फरक पडतो का? डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) बीपीच्या गोळीबरोबर चालते का? आणि दुसऱ्या दिवशी कुणाला त्रास झालाच तर परतायची सोय काय असते?

जाऊन आलेल्यांनी प्लीज लिहा. 'हिंमत असली की सगळं होतं' असले सल्ले घरी भरपूर मिळालेत.

डोंगरवेडी :
जाऊन आलेय, म्हणून लिहिते. पायऱ्या जरूर चढा, पण त्याने पाय आणि दम तयार होतो. उंची सोसणं हा वेगळाच मामला आहे. धडधाकट पोरगा आडवा होतो आणि पन्नाशीची बाई आरामात चालते, हे डोळ्यांनी पाहिलंय. आधी तीन-साडेतीन हजार मीटरचा एखादा हिमालयातला ट्रेक केलात तर अंदाज येईल, तोही अंदाजच.

खरा उपाय म्हणजे दिवस. कुस्कोला उतरल्यावर तिथं राहूच नका, सरळ गाडीने खाली ओलांतायतांबोला जा. ते २८०० च्या आसपास आहे. दोन रात्री तिथं काढा, मग कुस्को, मग ट्रेल. आमच्या बरोबरच्या एका ग्रुपने हे दिवस वाचवले आणि पहिल्याच मुक्कामावर दोघं उलट्या करत बसले होते.

परतायचं तर खिंडीच्या अलीकडे असताना परता. त्या वाटेवर घोडी-खेचरं चालत नाहीत, माणसाच्या आधारानेच उतरावं लागतं. खिंड ओलांडली की मग पुढं जाणंच बरं पडतं. आणि चढापेक्षा उताराची धास्ती घ्या, तिसऱ्या दिवशी दगडी पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा घेतात. काठीला रबरी टोपण लावून न्या, त्याशिवाय काठी नेऊ देत नाहीत.

सह्यभटक्या :
सालकांतायला परमिट लागत नाही हे खरं, पण तिथली खिंड ४६०० च्या वर आहे, म्हणजे आण्णांसाठी आगीतून फुफाट्यात. फायदा एवढाच की तिथं घोडं मिळतं. शिवाय ती वाट खाली गावात उतरते, इंती पुंकूमधून (इंका ट्रेल जिथून माचू पिचूत शिरतो ते दार) माचू पिचू दिसणं त्यात नाही.

डायमॉक्सबद्दल इथं कुणाचं ऐकू नका. सल्फाची ॲलर्जी, बीपीची गोळी कोणती, मूत्रपिंडं कशी, हे बघून डॉक्टरच सांगतील. आणि पीतज्वराची लस विसरू नका. परत येताना आपल्याकडे दाखला मागतात आणि लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

आण्णांसाठी एक सुचवतो. किलोमीटर १०४ या रेल्वेच्या थांब्यापासून एका दिवसाचा छोटा इंका ट्रेल आहे. विन्याय वाय्नाचे अवशेष बघत इंती पुंकूवरूनच आत जातो, उंची २७०० च्या फारशी वर जात नाही. त्याचं परमिट वेगळं. तुमचा चौथा दिवस धरून त्यांनी आदल्या दिवशी तो केला तर माचू पिचूला सगळे एकत्र.

धागाकर्ता :
दोघांचे मनापासून आभार. छोट्या ट्रेलचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. आज सकाळी आण्णांपुढं हळूच विषय काढला. आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाले, "तिथं मी आधी पोचणार ना? मग चालतंय." हृदयाच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतलीय, ते हो म्हणाले तरच परमिटचे पैसे भरायचे. वहिनीही त्यांच्याबरोबर छोट्याच वाटेने येतो म्हणतायत, गुडघ्यांमुळे.

आता एकच राहिलं. आण्णांचा पासपोर्ट वर्षाच्या आत संपतोय. आधी नवा करून मग परमिट काढावं, की जुन्यावर काढून दोन्ही बरोबर न्यावेत? कुणी असं केलं असेल तर सांगा.

डोंगरवेडी :
आधी नवा करा. तिथं चेकनाक्यावर नाव-नंबर मूळ पासपोर्टशी ताडून बघतात. त्या वादात आण्णांना उभं करू नका, ते नाक्यावरच्या माणसाला बँकेचे नियम ऐकवतील.