पीडीएफ कोरी दिसत असेल तर आधी सर्व्हरचे उत्तर तपासावे
सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेतील स्क्रिप्टमधून पाठवलेली पीडीएफ एका ब्राउझरमध्ये उघडते आणि दुसऱ्यात कोरे पान दिसते, यावर ब्राउझर बदलण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण वाचकाचा ब्राउझर आपण ठरवू शकत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट-टाइप (सर्व्हरच्या उत्तरातील, फाइलचा प्रकार सांगणारी नोंद) ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ आहे ना, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंटेंट-लेंग्थ, म्हणजे सर्व्हरने कळवलेली लांबी, प्रत्यक्ष पाठवलेल्या बाइट्सइतकीच हवी. स्क्रिप्टमधली रिकामी ओळ किंवा वॉर्निंग फाइलच्या आधी गेली, तर ब्राउझर कळवलेल्या लांबीपुरतेच वाचत असल्याने तेवढेच बाइट्स शेवटी कापले जातात, आणि पाने शोधण्यासाठी लागणाऱ्या क्रॉस-रेफरन्स सारणीचा पत्ता नेमका फाइलच्या शेवटीच असतो. काही ब्राउझर ही मोडतोड निमूटपणे दुरुस्त करून घेतात, काही घेत नाहीत. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी आउटपुट बफर, म्हणजे पाठवण्यासाठी साठलेला मजकूर, न पाठवता टाकून देऊन रिकामा करावा.