मदत हवी आहे: फ्रान्समधील भारतीय वैमानिकाची कबर सापडत नाही

पाऊलवाट: पुढच्या आठवड्यात कामानिमित्त पॅरिसला जात आहे आणि एकच दिवस मोकळा मिळणार आहे. त्या दिवशी पहिल्या महायुद्धातील आपल्या त्या वैमानिकाच्या कबरीवर फुले ठेवायची आहेत. परंतु राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव घातले की दर वेळी शून्य नोंदी येतात. तीन संध्याकाळी यातच गेल्या. ठिकाण माहीत असल्यास कृपया लवकर सांगावे.

दौतटाक: ‘आपल्या त्या’ म्हणजे कोणत्या? आणि नाव कोणत्या स्पेलिंगने घातले, तेही लिहावे.

शेंडेनक्षत्र: यात विचारायचे काय? इंद्रलाल रॉय. वय अवघे 19. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत 10 हवाई विजय आणि 22 जुलैला मृत्यू. कबर लांसजवळच्या एस्तव्हेल गावात आहे आणि दगडावर बंगाली मजकूरही कोरलेला आहे. थेट तेथेच जावे.

पाऊलवाट: रॉय नव्हेत, मुंबईचे वेलिंगकर. शीर्षक वाचून कळेल असे वाटल्याने नाव लिहिले नाही. आडनावात ‘एन’नंतर ‘जी’ घालून शोधत आहे.

दौतटाक: मग तेथेच अडले आहे. नोंदीत ‘जी’ नाही. नाव ‘श्री कृष्ण चुंडा वेलिंकर’ अशा धाटणीचे आहे. ते 23व्या स्क्वॉड्रनचे लेफ्टनंट होते, 27 जून 1918 रोजी गस्तीवरून परतले नाहीत आणि 30 जूनला जर्मनांच्या कैदेत जखमांमुळे वारले. कबर आम्येंच्या आग्नेयेला हँगार्ड गावच्या दफनभूमीच्या विस्तारित भागात आहे. याच परिसरात ‘हँगार्ड वुड’ नावाची वेगळी युद्धदफनभूमीही आहे, तेव्हा टॅक्सीवाल्याला नाव लिहूनच दाखवावे. बोलून सांगायचे झाल्यास ‘आंगार’ म्हणावे. पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकावरून आम्येंला आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो.

शेंडेनक्षत्र: ते सॉपविथ डॉल्फिन उडवत होते, हेही सांगायला हवे. त्या विमानात चालकाचे डोके वरच्या पंखांच्या चौकटीतून बाहेर असे. वरचे आकाश मोकळे दिसे, पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात डोक्यावर होण्याची धास्ती असे.

दौतटाक: धागाकर्त्यांनी विमान विचारलेले नाही.

सागरगोटा: वेलिंग गाव आमच्या फोंडा तालुक्यात आहे. त्यांचे घराणे तेथलेच असेल असा माझा दावा नाही, परंतु मूठभर माती सोबत न्यावी, असे सुचवतो. खरे तर सरकारने अवशेषच परत आणायला हवे होते.

दौतटाक: भारतातून युरोपीय संघात माती नेण्यास बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतील. अवशेषांबद्दल म्हणाल, तर मृतदेह मायदेशी नेण्यास 1915 मध्येच मनाई झाली होती. पैसेवाल्यांचे पुत्र घरी आणि गरिबांचे परक्या मातीत, असा भेद राहू नये म्हणून युद्धानंतरही ती कायम ठेवली गेली. तो निर्णय मला योग्यच वाटतो.

सागरगोटा: योग्य कसा? हिंदू माणसाला पुरले, हे घरच्यांना विचारून झाले होते काय?

दौतटाक: कैदेत वारलेल्या माणसाला शत्रूने पुरले. विचारणार कोण आणि कोणाला?

मोडीवाचक: माझे लक्ष ‘चुंडा’पाशी अडले. त्या काळी ‘चंद्र’ इंग्रजीत ‘यू’ घालून लिहीत. त्याच युद्धात लढलेल्या सेन नावाच्या भारतीय वैमानिकाचे मधले नावही तसेच आहे. माझ्या मते हे मुळात ‘कृष्णचंद्र’ असावे.

दौतटाक: तर्क पटण्यासारखा आहे, पण दगडावर जे आहे तेच नाव मानावे.

पाऊलवाट: ‘जी’ काढताच नोंद मिळाली, मनापासून आभार. फुले आम्येंलाच घेईन. फुलांसोबत देवनागरीत लिहिलेले एक कार्ड ठेवणार आहे. ‘चुंडा’ की ‘चंद्र’ हा वाद सुटेपर्यंत थांबता येणार नाही, म्हणून त्यावर ‘लेफ्टनंट कृष्ण वेलिंगकर, मुंबई’ इतकेच लिहीन. ‘ग’ मात्र घालणार आहे.

मोडीवाचक: अवश्य घालावा. शाई पावसात न पसरणारी असू द्यावी.