अर्ध्या तासात गुण आला, हीच तर काळजी

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली लैंगिक 'ताकदीची' जडीबुटीची पुडी घेतली, अर्ध्या तासात गुण आला, असं एकांनी लिहिलंय. मला नेमकं हेच खटकतं. अश्वगंधा काय, सफेद मुसळी काय, मुळ्या इतक्या तातडीने काम करत नाहीत. अशा 'हर्बल' मालात सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, गुपचूप मिसळल्याचं तपासण्यांत अनेकदा सापडलंय. छातीतल्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवावर बेतू शकतं. दुकानातल्या बाटलीवर निदान परवाना क्रमांक आणि घटक तरी छापलेले असतात. पुडीवर काय, जुना पेपर! (लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींवरच्या जाहिराती बघून पटत नाही, ते सोडा.)

थायरॉईड किंवा यकृताचा त्रास असेल तर अश्वगंधासुद्धा विचारल्याशिवाय नको. आयुर्वेदच करायचा तर गोव्यातल्याच धारगळच्या आयुर्वेद संस्थेत वैद्यांना भेटा, चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. आणि त्याआधी साखर, बीपी तपासा. ताठरता न येणं ही पुष्कळदा मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते.