मदत हवी आहे: पर्शियन जेवण आणि शाकाहारी सासूबाई

मंडळी, एका पर्शियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जायचंय. छोटंसं, घरचेच लोक चालवतात. नवरा-बायको स्वयंपाकघरात, मुलगी वाढायला. सोबत सासूबाई आहेत, पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही.

मेन्यू वाचून काढला. घोर्मे सब्जी नावाला सब्जी, आत बहुतेक वेळा मटण नाहीतर बीफ. फेसेन्जान अक्रोड-डाळिंबाचं, पण त्यात चिकन. मिर्झा घासेमीत भाजलेलं वांगं, लसूण, टोमॅटो इथपर्यंत ठीक, मग अंडं आलंच! उरलं काश्क-ए-बादेमजान, म्हणजे वांगं आणि काश्क (दह्या-ताकापासूनचा आंबट पदार्थ), आणि आश-ए-रेश्ते, म्हणजे दाट सूप. आशमध्ये कडधान्यं, पालेभाजी, शेवया, सगळं छान. पण मटणाच्या पाण्यात शिजवतात का? हे आधी फोन करून विचारावं, की तिथं गेल्यावर?

तहदीग, म्हणजे पातेल्याच्या तळाचा कुरकुरीत सोनेरी भात, आधी सांगून ठेवावा लागतो का? एका पातेल्यात निघून निघून निघणार किती!

आणि बिलाच्या वेळी मालक ‘राहू द्या’ म्हणाले तर तो तारोफ, म्हणजे इराणी शिष्टाचारातला वरवरचा नकार, आग्रहाने पैसे द्यायचेच, एवढं ठाऊक आहे. पण न मागता चहा किंवा गोड पुढं आलं तर? लगेच घ्यावं की आधी नको-नको म्हणावं? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.